एआयला सेफ्टी सर्टिफिकेट द्यायचा धंदा: इच्छुकांसाठी थोडं मार्गदर्शन

एआय बनवायच्या भानगडीत पडू नका हो. त्यात चिप्स लागतात, वीज लागते, लोकांचे कोट्यवधी डॉलर लागतात, आणि एवढं करून तुमचं मॉडेल बाजारात येईपर्यंत दुसऱ्या कुणाचं तरी त्याहून भारी मॉडेल फुकटात आलेलं असतं. त्यापेक्षा दुसऱ्याच्या एआयवर "तपासले, सुरक्षित आढळले" असा शिक्का मारायचा धंदा काढा. भांडवल काय लागतं? एक वेबसाइट, दोन पीएचडी, एक वकील आणि सल्लागार मंडळावर फोटोपुरते एखादे निवृत्त न्यायाधीश. हवेतलं बोलत नाहीये मी. अमेरिकेत राज्याराज्यांच्या विधिमंडळांत या धंद्याला रीतसर कायद्याची चौकट द्यायचं चाललंय. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातल्या आपल्या मंडळींना तर हे घरबसल्या जमण्यासारखं आहे, कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो गाडीने दोनेक तासांवर, ट्रॅफिक नसेल तर.

सुरुवात एसबी ८१३ (एसबी म्हणजे सिनेट बिल) पासून करा. २०२५ साली कॅलिफोर्नियाचे सिनेटर जेरी मॅकनर्नी यांनी हे विधेयक आणलं. माणूस गणितातला डॉक्टरेट, त्यामुळे हिशोब कळत नाही असं म्हणायची सोय नाही. कल्पना अशी की राज्याच्या ॲटर्नी जनरलने काही खाजगी संस्थांना मान्यता द्यायची, त्या संस्थांनी एआय मॉडेल तपासून प्रमाणपत्र द्यायचं, आणि कंपनीने हे सगळं स्वखुशीने करायचं, सक्ती नाही. आता तुम्ही म्हणाल, सक्ती नसताना कंपनी कशाला येईल स्वतःची झडती द्यायला? तर इथेच खरी मलई आहे. प्रमाणपत्र असलं की उद्या त्या मॉडेलमुळे कुणाला इजा झाली, कुणाचं नुकसान झालं आणि तो कोर्टात गेला, तर कंपनीला बचावासाठी तो कागद पुढे करता यावा, अशी त्यात सोय. म्हणजे तुम्ही सुरक्षितता विकायची नाहीये, कोर्टात दाखवायचा कागद विकायचाय. हा फरक एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं आहे.

आता फी. फी कोण देणार? ज्याला तपासायचं तोच. आणि चार संस्थांमधून कुणाकडे जायचं हे कोण ठरवणार? तेही तोच. हे ऐकून कुणी भुवया उंचावल्या तर त्यांना आपल्या हाउसिंग सोसायटीचं ऑडिट आठवायला सांगा. सहकार खात्याचं पॅनेल असतं, त्यातला ऑडिटर सोसायटीनेच निवडायचा, पैसेही सोसायटीनेच द्यायचे. मग एका रविवारी ते साहेब येतात, खजिनदार फाइल उघडायच्या आधी वहिनींनी पोह्यांची प्लेट पुढे केलेली असते, सिंकिंग फंडाच्या पानाशी जरा थबकतात, "हे व्हाउचर मिळालं तर बघा" म्हणतात, आणि शेरे मागच्या वर्षीचेच, तारीख तेवढी नवीन. दोष दुरुस्ती अहवालात चेअरमन लिहितो "नोंद घेतली". साहेब माणूस वाईट नसतात हो, पण पुढच्या वर्षी वार्षिक सभेत ठराव कुणाच्या नावाचा होणार हे त्यांनाही कळतं. एसबी ८१३ च्या टीकाकारांनी नेमकं हेच म्हटलं, की कंपन्या सगळ्यात सैल संस्था शोधत फिरतील. तुम्ही ही टीका म्हणून वाचू नका, मार्केट रिसर्च म्हणून वाचा.

सक्तीचं ऑडिट असतं तर गिऱ्हाईक आपोआप आलं असतं, पण त्या आशेवर बसू नका, तो इतिहास फारच करुण आहे. २०२४ ला कॅलिफोर्नियाचेच सिनेटर स्कॉट वीनर यांनी एसबी १०४७ आणलं. ज्या मॉडेलच्या ट्रेनिंगला १० कोटी डॉलरहून जास्त खर्च आणि १ वर २६ शून्यं एवढ्या गणिती क्रिया लागल्या, त्यांच्यासाठी दरवर्षी बाहेरच्या ऑडिटरकडून तपासणी, अशी त्यात तरतूद होती. दोन्ही सभागृहांनी पास केलं आणि २९ सप्टेंबर २०२४ ला गव्हर्नर न्यूसम यांनी व्हेटो मारला. कारण काय, तर विधेयक फक्त मोठ्या मॉडेलांकडे बघतं, त्यामुळे लोकांना खोटी सुरक्षितता वाटेल. मग काहीच तपासणी नसल्यावर जी वाटते ती कुठली म्हणायची हे मला अजून कळलेलं नाही, पण ते असो. त्यानंतर गव्हर्नरांनी तज्ज्ञांचा गट नेमला, त्यात एआय संशोधक फेई-फेई ली वगैरे मोठी मंडळी, आणि जून २०२५ मधल्या त्यांच्या अहवालातही सूर असाच की विश्वास ठेवा पण पडताळून बघा. मग वीनर एसबी ५३ घेऊन आले. त्याच्या मधल्या एका मसुद्यात वार्षिक ऑडिट होतं, तेही २०३० पासून! पाच वर्षांची सवड. सप्टेंबरात शेवटचा मसुदा आला तेव्हा तेवढंही गळालं होतं, आणि बरोबर व्हेटोच्या वर्षश्राद्धाला, २९ सप्टेंबर २०२५ ला, न्यूसम यांनी सही केली.

आता १ जानेवारी २०२६ पासून अवाढव्य एआय मॉडेल बनवणाऱ्या आणि वर्षाला ५० कोटी डॉलरच्या वर कमाई असलेल्या कंपन्यांनी आपली सुरक्षिततेची पद्धत स्वतः लिहायची, स्वतः छापायची, स्वतः पाळायची, आणि बाहेरच्या कुणाकडून तपासून घेतलं असेल तर किती ते सांगायचं. गंभीर घटना घडली तर १५ दिवसांत कळवायचं, कुणाच्या जीवावर बेतणार असेल तर २४ तासांत. कळवायचं कुणाला, तर वणवे आणि भूकंप बघणाऱ्या आपत्कालीन सेवा कार्यालयाला. दंड एका उल्लंघनाला जास्तीत जास्त १० लाख डॉलर, म्हणजे ५० कोटीवाल्यासाठी ऑफिसच्या कॉफीचं बजेट. तरीपण अगदी टाकाऊ कायदा नाहीये हा, आतल्या माणसाने तोंड उघडलं तर त्याला संरक्षण आहे त्यात, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं कलम तेच. पण आपल्या धंद्याला त्याचा उपयोग नाही, उलट त्रासच.

बरं, संस्था निघाली, गिऱ्हाईक आलं. आता तपासायचं काय? घाबरू नका, हे अजून कुणालाच नीट ठरवता आलेलं नाही. वायरची जाडी मोजता येते, लिफ्टचा ब्रेक तपासता येतो, पण मॉडेलने उद्या कुणाला काय उत्तर द्यावं याचा गेज अजून बाजारात आलेला नाही. त्यामुळे तुम्ही जे मोजाल तेच मानक. शेपाचशे प्रश्न विचारा, उत्तरांची टक्केवारी काढा, रंगीत ग्राफ लावा. फक्त एक अडचण येईल, हल्ली परीक्षार्थीला कळतं की परीक्षा चालू आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने क्लॉड सॉनेट ४.५ हे मॉडेल आणलं, तेव्हा त्यांनीच छापलेल्या दस्तऐवजात होतं की काही चाचण्यांमध्ये मॉडेलने सरळ तोंडावर सांगितलं, मला वाटतं तुम्ही माझी टेस्ट घेताय. आता साहेब वर्गात आलेत हे कळल्यावर मुलं शहाण्यासारखी वागणारच. अशा वेळी अहवालात "मॉडेलचे वर्तन चाचणीदरम्यान समाधानकारक" असं लिहा. एक शब्दही खोटा नाही.

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका, गाडी रस्त्यावर नेऊ नका. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या आठवतात? लॅबमध्ये रोलरवर धुराचं प्रमाण एकदम गुणी बाळासारखं, सगळी सर्टिफिकेटं जागेवर. मग आयसीसीटी नावाच्या ना-नफा संस्थेच्या सांगण्यावरून वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या छोट्याशा टीमने धूर मोजायची यंत्रं गाडीच्या डिकीत भरली आणि एक गाडी तर लॉस एंजेलिसहून थेट सिॲटलपर्यंत चालवत नेली. आकडे इतके वाईट आले की आधी त्यांना स्वतःच्याच यंत्रावर शंका आली म्हणे. सप्टेंबर २०१५ ला पर्यावरण खात्याने जाहीर केलं की चाचणी चालू आहे हे ओळखणारं सॉफ्टवेअर गाडीत बसवलंय आणि रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जातोय. आता बघा, त्या टीमला फोक्सवॅगनने एक पैसा दिला नव्हता, निवडलं नव्हतं, आणि पुढच्या वर्षी परत बोलवायचा प्रश्नच नव्हता. असल्या लोकांमुळे धंद्याचं वातावरण खराब होतं.

आदर्श म्हणून समोर ठेवायचा असेल तर न्यूयॉर्क शहर ठेवा. नोकरभरतीच्या सॉफ्टवेअरचं स्वतंत्र ऑडिट सक्तीचं करणारा त्यांचा लोकल लॉ १४४, २०२१ चा, अंमलबजावणी ५ जुलै २०२३ पासून. अर्ज चाळणारं सॉफ्टवेअर बायका, कृष्णवर्णीय वगैरेंना जास्त गाळतंय का हे बाहेरच्या ऑडिटरने तपासायचं, आणि निकाल कंपनीने वेबसाइटवर टाकायचा. किती छान! आता बारीक अक्षरं वाचा. सॉफ्टवेअर निर्णयात माणसाची जागा घेत असेल किंवा भरपूर मदत करत असेल तरच कायदा लागू, आणि ते "भरपूर" आहे का हे ठरवणार कोण, तर कंपनीच. म्हणजे शेवटी एचआरवाल्या मॅडम लिस्टवर नजर फिरवतात असं म्हटलं की सुटलात. बरं, ऑडिट झालं आणि आकडे भयानक आले तर? तर ते छापायचे. बस. सॉफ्टवेअर बंद करा असं कायदा म्हणतच नाही. पहिल्या उल्लंघनाला दंड ५०० डॉलरपर्यंत, पुढच्या प्रत्येकाला १५०० पर्यंत.

परिणाम काय झाला तेही बघून घ्या, कारण तुमच्या बिझनेस प्लॅनमध्ये हे आकडे लागतील. संशोधकांनी ३९१ कंपन्यांच्या वेबसाइट उघडून पाहिल्या, ऑडिट सापडली १८. बाकीच्यांनी कायदा मोडला असं म्हणताही येत नाही, कारण कदाचित त्यांना तो लागूच नसेल, आणि लागू आहे की नाही हे त्यांनीच ठरवायचं, बसा आता गोल गोल फिरत. मग डिसेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या कंप्ट्रोलरने, म्हणजे सरकारी हिशोब तपासनीसाने, हा कायदा राबवणाऱ्या शहराच्या ग्राहक खात्याचंच ऑडिट केलं. म्हणजे ऑडिट करवून घेणाऱ्यांचं ऑडिट, वाचताना मला फार बरं वाटलं. खात्याने ३२ कंपन्या बघितल्या होत्या आणि त्यात एक गडबड सापडली होती. कंप्ट्रोलरच्या लोकांनी त्याच ३२ बघितल्या, तर संशयास्पद निदान १७. आणि दोन वर्षांत नागरिकांच्या तक्रारी आल्या किती? दोन. नोकरी न मिळालेल्या माणसाला मुळात कळणार कसं की त्याला माणसाने नाकारलं की मशीनने? आणि ज्याला संशय आला त्याने शहराच्या ३११ या हेल्पलाइनला फोन लावला तर तो योग्य टेबलावर पोचेलच असंही नाही, कंप्ट्रोलरच्या माणसांनी स्वतः फोन करून पाहिले तर चारातले तीन भलतीकडेच गेले. तुम्हाला शांतपणे काम करायचं असेल तर याहून चांगलं शहर नाही.

जोडधंदाही ठेवा बरं का. सकाळी ऑडिट, दुपारी त्याच कंपनीला "ऑडिट पास कसं व्हावं" यावर सल्ला. आर्थर अँडरसन या ऑडिट फर्मने एन्रॉनकडून २००० साली ऑडिटचे अडीच कोटी आणि सल्ल्याचे त्याहून थोडे जास्त, २ कोटी ७० लाख डॉलर घेतले होते. पुढे दोघांचं काय झालं ते सोडा, ते वर्ष तर चांगलं गेलं ना. त्यानंतर २००२ ला कायदा आला, ऑडिटरवर नजर ठेवायला वेगळं मंडळ आलं, ऑडिटच्या गिऱ्हाइकाला सल्ला विकायलाही बंधनं आली. पण त्याला आधी एन्रॉन बुडावं लागलं, आणि एआयचं एन्रॉन अजून व्हायचंय, तोवर तुमची मुलं कॉलेजातून बाहेर पडतील.

मध्येच कुणी खडूस माणूस विचारेल, मग काय पडताळणीच नको म्हणता? नाही हो, कोण म्हणतंय नको, सरकारी खात्यात मॉडेल उघडून बघू शकणारी माणसं पुरेशी नाहीत हा या कल्पनेच्या समर्थकांचा मुद्दा खराच आहे, बाहेरचे तज्ज्ञ लागणारच. तर तो पुढे म्हणेल की मग तपासनीस राज्याने नेमावा, कंपन्यांकडून पट्टी घेऊन एका गल्ल्यात टाकावी आणि त्यातून त्याचे पैसे द्यावेत, तीन वर्षांनी बदलावा, अहवाल पूर्ण छापावा आणि सर्टिफिकेट होतं म्हणून कोर्टात सूट मिळू नये. अशा माणसाला सल्लागार मंडळावर घ्या. मानधन सुरू झालं की लोक जरा समजूतदार होतात.

आणि धंद्यातली खरी रिस्क सांगायची तर ती वॉशिंग्टनमध्ये बसली आहे. राज्यांनी दहा वर्षं एआयवर कायदेच करू नयेत असा प्रस्ताव २०२५ च्या जुलैमध्ये सिनेटने ९९ विरुद्ध १ ने उडवला, तेव्हा वाटलं संपलं. तर डिसेंबरात ट्रम्प यांनी आदेशच काढला, राज्यांच्या एआय कायद्यांना कोर्टात आव्हान द्यायला न्याय खात्यात खास पथक, आणि ऐकलं नाही तर ब्रॉडबँडचे केंद्राचे पैसे अडकवायची धमकी. म्हणजे तुम्ही ज्या कायद्याखाली मान्यता घेऊन बसाल तो पुढच्या वर्षी असेलच याची खात्री नाही. कायदा गेला तरी तुमचं सर्टिफिकेट कंपनीच्या वेबसाइटवर फूटरमध्ये तसंच राहणार, ते कोण काढायला जातंय. फक्त फी वर्षाची एकदम आणि आगाऊ घ्या, आणि रिफंडचं कलम करारात अजिबात ठेवू नका.