खुलासा : वाहने निम्मी, म्हणून धडका निम्म्या?

‘रस्त्यावरची वाहने निम्मी झाली की वन्यप्राण्यांना बसणाऱ्या धडकाही निम्म्या होतात,’ असा मजकूर फिरतो आहे. हिशेब इतका सरळ नाही. २०२०च्या टाळेबंदीत अनेक ठिकाणी धडका घटल्या, हे खरे. पण रस्ता मोकळा दिसला की गाड्यांचा वेग वाढतो आणि प्राणीही डांबरावर बिनधास्त येतात. उलट अखंड वर्दळीला हरणासारखे प्राणी बिचकतात, कडेवर थबकून माघारी फिरतात. मृत्यू कमी दिसतात. पाणवठा मात्र पलीकडेच राहतो. शिवाय दुपारची गर्दी घटून निशाचरांना काय फायदा? त्यांची वेळ सांजेपासून पहाटेपर्यंतची. बेडकाला तर हे गणितच ठाऊक नाही. पावसाळी रात्री तो ओल्या रस्त्यावर मध्येच बसून राहतो, तेव्हा तुरळक गाड्याही पुरतात.