रेडिएशन राहू द्या, भाड्याचं बोला

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावात सध्या दोन तट पडलेत, आणि यावेळी कारण निवडणूक नाही. वरच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर, मोबाइलचा टॉवर यायचा आहे. एक तट म्हणतो, आलाच पाहिजे. दुसरा म्हणतो, रेडिएशनने कलमांचा मोहोर गळेल, चिमण्या जातील, माणसांना कॅन्सर होईल. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री जेवणं आटोपली की भांडण सुरू होतं. मी ते इंग्लंडात, रेडिंगला बसून वाचतो. न विचारता सल्ला देणं ही आम्हा परदेशस्थांची जुनी खोड, पण त्या सड्याच्या सातबाऱ्यावर माझंही नाव आहे, म्हणून बोलतो.

इथे आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावरही फाइव्ह-जीचा खांब यायचा होता. आधी दिव्याच्या खांबाला प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली नोटीस बांधली गेली: खांब किती उंच, नेमका कुठे, हरकत कुठे आणि कधीपर्यंत नोंदवायची. अशा खांबांना इंग्लंडात बहुतेक वेळा पूर्ण बांधकाम परवानगी लागत नाही. कौन्सिलला, म्हणजे इथल्या स्थानिक संस्थेला, ५६ दिवस मिळतात, त्यात तिने फक्त जागा आणि दिसणं एवढंच तपासायचं. मुदतीत उत्तर दिलं नाही तर खांब मंजूर. रेडिएशन आंतरराष्ट्रीय मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र कंपनीने जोडलं, की आरोग्याच्या मुद्द्यावर कौन्सिलला नकार देता येत नाही.

मग लोक काय करतात? भीती वाटते असं लिहून उपयोग नाही, म्हणून खांब झाडांपेक्षा उंच आहे, फुटपाथवर बाबागाडीला जागा उरत नाही, गल्लीची शोभा जाते, असं लिहितात. खरी पोटदुखी एक आणि अर्जातली दुसरी. आणि इथली माणसं फार शहाणी आहेत अशातलाही भाग नाही. एप्रिल २०२० मध्ये फाइव्ह-जीमुळे कोरोना पसरतो अशी आवई उठली आणि लोकांनी टॉवर पेटवले. बर्मिंगहॅममध्ये कोविडसाठी उभारलेल्या तात्पुरत्या हॉस्पिटलला सिग्नल देणारा टॉवरही त्यातून सुटला नाही.

आता आपल्याकडचं. १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने टॉवरच्या रेडिएशनची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आणली. ९०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल लहरींना जगात ४.५ वॅट प्रति चौरस मीटर चालत होतं, तिथे आपण ०.४५ ठरवलं. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरी ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २बी गटात टाकल्या हे खरं, पण कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. आणि सिग्नल क्षीण असला की टॉवरपर्यंत पोचायला कानाला लावलेला फोनच जास्त जोर लावतो. म्हणजे टॉवर लांब पिटाळून डोक्याजवळचं रेडिएशन कमी होत नाही, वाढण्याचीच शक्यता जास्त. एवढं करूनही शंका असेल तर २०१७ मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर शुल्क भरून मोजणी मागवता येते. ग्रामपंचायतीने ती एकदा मागवावी आणि आकडा फळ्यावर लिहावा.

पण मला वाटतं, आमच्या गावातलं भांडण मुळात रेडिएशनचं नाहीच. ग्रुपवर एका आजोबांनी ते एका ओळीत उघडं पाडलं: “माका रेडिएशनचा काय पडलेला नाय, भाड्याचा काय ता आधी सांगा.” त्यावर बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही.

कोकणातली जमीन कशी असते ते तिथल्या माणसाला सांगायला नको. एका सर्व्हे नंबरवर चार पिढ्यांची नावं, निम्मी माणसं मुंबईत, काही वारलेली, त्यांच्या वारसनोंदी झालेल्याच नाहीत. कंपनीचा माणूस येतो तो गावात राहणाऱ्या एका हिस्सेदाराकडे. करार त्याच्याशी, दर महिन्याचं भाडं त्याच्या खात्यात. बाकीच्यांना कळतं ते गणपतीला आल्यावर, खड्डा खणलेला दिसला की. मग भाऊबंदकीवर उघड बोलणं बरं दिसत नाही, म्हणून चिमण्यांची काळजी सुरू होते.

त्यात २०२२च्या नियमदुरुस्तीने खासगी जागेवरच्या टॉवरला स्थानिक संस्थेच्या परवानगीची अट काढली, लेखी पूर्वसूचना पुरेशी ठरवली. ग्रामपंचायतीच्या ना हरकत दाखल्यावर विसंबून राहणाऱ्यांना हे माहीतच नाही. इंग्लंडातल्या ५६ दिवसांचं मला फार कौतुक नाही, पण ती खांबाला बांधलेली नोटीस मात्र मला गावात हवी आहे: सड्यावर, स्टँडवर आणि देवळासमोर. कोणाशी करार, किती वर्षांचा, भाडं किती आणि आणेवारीप्रमाणे, म्हणजे जमिनीतल्या हिश्श्याप्रमाणे, कोणाला किती, हे तिच्यावर लिहिलेलं असावं.

आणि कंपनीला एक प्रश्न विचारा, जो अजून कोणीच विचारलेला नाही: लाइट गेल्यावर बॅटरी किती तास चालणार? मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने आपल्या किनाऱ्यावरची वीज आणि फोन दोन्ही बंद पाडले, तेव्हा आई कशी आहे हे कळायची मला काही सोय नव्हती. टॉवर व्हावा हे माझं मत त्या वादळापासूनचं आहे.

हे सगळं मी थोडक्यात चुलतभावाला कळवलं. त्याचं उत्तर आलं: “तुझा म्हणणा बरोबर. पण तिनय आत्यांच्या सह्या तू आण.”