पिकअप ओढत नाही म्हणजे पंपच गेला? जरा थांबा राजेहो

संत्र्याचा नाही तं कापसाचा माल निघायला लागला की गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतेच. "जुनी डिझेल पिकअप लोडवर उचलत नाही, चढावर दुसऱ्या गिअरवर यावं लागते, तं 100 टक्के पंप गेला समजा. पंप-नोझल बनवून घ्या. पैसे नसतील तं पंपाचा स्क्रू वाढवा, एअर फिल्टर काढून फेका, ईजीआरला पत्रा मारा, टाकीत लिटर-दोन लिटर रॉकेल टाका. तरीही नाही उचललं तं इंजिन बांधा." खाली पन्नास जणांचे अंगठे आणि "एकदम बराबर भाऊ".

आता एकेक पाहू, कारण याच्यात थोडं खरं आहे आणि त्याच थोड्या खऱ्यामुळे लोकं फसतात.

पहिलं, "100 टक्के पंप". हा म्हणजे नोझलला दाबानं डिझेल देणारा पंप. पावर कमी झाली की पंपाचा नंबर सगळ्यात शेवटी लागते, कारण पंपापर्यंत डिझेल नीट पोचते का हेच आधी कोणी पाहत नाही. टाकीतली जाळी, तिथून पुढचा पाइप, फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप), मंग डिझेल फिल्टर (बऱ्याच जुन्या गाड्यांत दोन असतात आणि बदलते कोणी एकच), एवढ्या रस्त्यात कुठंही अडलं तरी लक्षण तेच. रिकामी गाडी मस्त पळते, लोड टाकला आणि पाय दाबला की दम सोडते, पाय काढला की परत बरी. काही गाड्या तं दहा मिनिटं उभ्या केल्या की पुन्हा नीट चालतात आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच, म्हणजे टाकीतला गाळ जाळीवर येऊन बसते आणि गाडी थांबली की खाली सुटते. शेतात कॅनमधून डिझेल टाकणाऱ्यांच्या गाडीत हे हमखास, कॅनमध्ये पऱ्हाटीचा कचरा, माती, पाणी सगळं असते बाप्पा. फिल्टरच्या खालचा ड्रेन ढिला करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढा आणि पाच मिनिटं ठेवून पाहा, पाणी असलं तं खाली वेगळा थर दिसते. याला मिस्त्री पण लागत नाही.

टाकीच्या झाकणाचं तं लोकांच्या डोक्यातच येत नाही. हवेचं भोक मातीनं बुजलं की डिझेल खेचलं गेलं तरी त्याच्या जागी हवा आत येत नाही, टाकीत व्हॅक्यूम होते आणि गाडी हळूहळू मरते. झाकण उघडल्यावर फुस्स आवाज आला आणि त्याच्यानंतर गाडी उचलली, तं आजार तिथंच सापडला, झाकण साफ करा न् विषय संपला.

आणि सगळ्यात वात आणणारा फॉल्ट म्हणजे टाकी ते फीड पंप या टप्प्यात पाइप एअर घेणं. इथं पाइपात दाब नसते, ओढ असते, म्हणून बारीक चीर पडली तरी डिझेल बाहेर टपकत नाही, उलट हवा आत जाते. स्ट्रॉला भोक पडलं की रस वर येत नाही, नुसती हवा येते, तसंच. बाहेरून पाइप कोरडा ठणठणीत, म्हणून मिस्त्री म्हणते लिकेज नाही, आणि पंप खोलायला काढते. याचा इलाज लय स्वस्त आहे, फीड पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक नळी जोडा, गाडी चालू करून रेस करा आणि नळीकडे पाहत बसा. बुडबुडे पळताना दिसले की मागं मागं जात जा, क्लिप, वॉशर, चेसिसला घासलेला पाइप, कुठंतरी सापडतेच. एका पिकअपचा पंप बनवून झाला होता, बिल भरून झालं होतं, गाडी तशीच्या तशी. मंग नळी लावली तं बुडबुड्यांची रांग, आणि फॉल्ट निघाला क्लिपखाली तडकलेल्या रबरी नळीचा. पंप बनवणाऱ्याची पूर्ण चूक म्हणता येत नाही, मालकानंच मेसेज वाचून "पंप खोल" म्हणून सांगितलं होतं.

पंप झिजत नाही असं मी म्हणत नाही. झिजते. पण त्याची एक खूण आहे, गाडी सकाळी थंडी असताना एका सेल्फात लागते आणि गरम करून बंद केली की लवकर लागत नाही, कारण गरम डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या पंपात आतल्या आत पळते. हे दिसत असलं आणि डिझेलचा रस्ता साफ आहे याची खात्री झाली असली तं खुशाल पंप खोला.

दुसरं, "स्क्रू वाढवा". यानं गाडी उचलते, खोटं नाही, म्हणूनच मेसेजवर लोकांचा विश्वास बसते. पण स्क्रू डिझेल वाढवते, हवा नाही. मागून काळा धूर निघते तो न जळलेला पैसाच आहे, ॲव्हरेज जाते, धूर तपासायला लावला की पीयूसी मिळत नाही, आणि लोड घेऊन लांब चढ चढताना पिस्टनचं डोकं वितळेपर्यंत गर्मी वाढू शकते. त्या स्क्रूवर कंपनीचं सील काहून असते याचा विचार करा. आणि गाडी आधीच काळा धूर मारत असली तं डिझेल कमी नाहीच, हवा कमी आहे. टर्बोवाली (हवा दाबून इंजिनात भरणारी) गाडी असली तं इंटरकूलरच्या, म्हणजे ती हवा थंड करणाऱ्या जाळीच्या, रबरी होजवर हात फिरवा, खालच्या बाजूनं फाटलेली असते आणि तिथं काळं तेलकट लागते, रेस केली की सूं आवाज पण येते. याच्या उलट, धूर बिलकुल नाही आणि ओढही नाही, तं डिझेल कमी पोचून राहिलं. तेव्हा आधी एकाला पाय पूर्ण दाबायला सांगा आणि बोनेट उघडून पंपाचा लिव्हर शेवटपर्यंत जाते का ते पाहा, केबल ताणली असते नाही तं पॅडलखाली मॅट गोळा झाली असते. हसू नका, होते असं.

तिसरं, एअर फिल्टर काढणं. चोंदलेल्या फिल्टरनं पावर जाते हे एकदम खरं. पण उन्हाळ्यात पांदण रस्त्यानं एक चक्कर मारा आणि बोनेटवर बोट फिरवून पाहा किती धूळ बसली ते, फिल्टर काढला की ती सगळी सिलिंडरमध्ये. रिंगा आणि बोअर घासतात, टर्बोच्या पंख्याच्या कडा खातात, मंग मेसेजची शेवटची ओळ, "इंजिन बांधा", आपोआप खरी होते. नवा फिल्टर काही शेकड्यात येते. झटकून वापरायचा असला तं हवा आतून बाहेर मारा, बाहेरून आत नाही.

ईजीआर, म्हणजे जळालेला थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह. हा काजळीनं उघडाच अडकला तं पावर जाते आणि काळा धूर येते, बरोबर. पण नीट असलेला ईजीआर फुल ॲक्सिलेटरवर तसाही बंदच होते, म्हणून पत्रा मारून चढावर जास्तीची ताकद मिळायचा प्रश्नच नाही. अडकला असला तं काढून साफ करा. सेन्सरवाल्या गाडीत पत्रा मारला की वॉर्निंग लाइट पेटून काही गाड्या स्वतःच पावर कमी करतात, झालं उलटंच.

रॉकेलबद्दल जास्त लिहायची गरज नाही. पंपाला आणि नोझलला वंगण डिझेलचंच मिळते, रॉकेलात ते कमी असते. कॉमन रेल गाडीत (सगळ्या इंजेक्टरला एकाच पाइपातून दाबाचं डिझेल देणारी, नव्या पद्धतीची) हजार बारच्या वर दाब चालते, तिथं हा प्रयोग म्हणजे इंजेक्टरचा सेट विकत घ्यायची तयारी. वरून भेसळ म्हणून गुन्हा तो वेगळाच.

आता मेसेजमध्ये जे नाहीच ते. बऱ्याच वेळा इंजिनात काही बिघाड नसते, ताकद रस्त्यात मरते. दहा-पंधरा किलोमीटर ब्रेक कमीत कमी मारत चालवून थांबा आणि चारही चाकांजवळ हात न्या (ड्रमला चिकटवू नका, भाजते), एक चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं असलं तं ब्रेक धरून राहिला. क्लच घसरत असला तं इंजिनचा आवाज वाढते आणि स्पीडचा काटा जागचा हलत नाही. आणि मे महिना असला तं तेही हिशोबात घ्या, 15 अंशाच्या सकाळच्या मानानं 45 अंशाला हवा साधारण 9 टक्के विरळ असते, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे 45 म्हणजे नेहमीचं. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणारा तं समुद्रसपाटीपासून 1100 मीटरच्या आसपास उंचीवर पोचते, तिथं हवेचा दाबच समुद्रसपाटीपेक्षा साधारण 12 टक्के कमी. बिनटर्बोची जुनी गाडी, वरून पासिंगपेक्षा जास्त क्रेट, दुपारचे दोन, मंग दुसरा गिअर लागणारच भाऊ, त्याला पंप काय करणार.

राहिलं शेवटचं, "इंजिन बांधा", म्हणजे पूर्ण खोलून झिजलेले पार्ट बदला. त्याच्याआधी तेल टाकायचं झाकण चालू इंजिनवर ढिलं करून पाहा, धूर फकफक मारत असला म्हणजे बॅक कॉम्प्रेशन आहे, सिलिंडरमधला दाब रिंगांजवळून खाली पळते. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासा. मंग कॉम्प्रेशन मोजून घ्या, आणि ते डिझेलच्या गेजनं, पेट्रोलवाला गेज 300 पीएसआयच्या आसपास संपते आणि चांगलं डिझेल इंजिन त्याच्या वर जाते. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत एकेका नोझलचा पाइप नट ढिला करून कोणता सिलिंडर मेला ते पण कळते, ज्याचा नट ढिला करून इंजिनच्या आवाजात फरकच पडत नाही तो मेलेला. फक्त कॉमन रेलवर हे चुकूनही करू नका, त्या दाबाचं डिझेल चामडी फाडून आत जाते. बोटात गेलं तं नुसतं फडकं गुंडाळून बसू नका, बाहेरून टोचल्याएवढं दिसलं तरी लगेच, वेळ न घालवता सरळ मोठ्या दवाखान्यात जा.