'त्यांना भावनाच नसतात' या प्रतिक्रियेला उत्तर

अ‍ॅस्पर्गर (ऑटिझमचाच एक प्रकार, ज्यात समोरच्याचे हावभाव आणि न बोललेलं ओळखणं अवघड जातं) असलेल्या लोकांबद्दल मी जे लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. वडील गेल्यानंतर तुम्ही पहिल्यांदाच कामावर गेलात आणि अ‍ॅस्पर्गर असलेल्या सहकाऱ्यानं 'कसे आहात' एवढंही न विचारता थेट 'तो रिपोर्ट कधी मिळेल' म्हणून विचारलं, हे वाचून खरंच वाईट वाटलं. तुम्हाला जे लागलं ते लागलंच, त्यावर मी वाद घालणार नाही. पण त्यावरून 'या लोकांना भावनाच नसतात, आणि तुम्ही उद्धटपणाला आजाराचं नाव देऊन पांघरूण घालताय' असं तुम्ही लिहिलंय ते मला अजिबात पटलं नाही.

एकतर हा आजार नाही, मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते. (2013 पासून डीएसएम-5 मध्ये, म्हणजे डॉक्टर मानसिक निदानांसाठी वापरतात त्या अमेरिकन पुस्तकात, अ‍ॅस्पर्गर हे वेगळं निदानही राहिलं नाही, ऑटिझम स्पेक्ट्रममध्येच धरतात, पण ज्यांना आधी हे नाव मिळालंय ते अजून तेच वापरतात म्हणून मीही वापरते.)

आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय हे चेहऱ्यावरून ओळखता येणं वेगळं, आणि ते कळल्यावर त्याच्यासाठी जीव तुटणं वेगळं. अ‍ॅस्पर्गर असलेल्यांचं अडतं ते बहुतेक वेळा पहिल्या ठिकाणी. माझ्या भावाचंच सांगते, त्यालाही अ‍ॅस्पर्गर आहे, आमची आई गेली त्या दिवशी मी रडत होते तर हा भिंतीकडे बघत बसला आणि मग काही न बोलता उठून निघूनच गेला, मला इतका राग आला होता, आणि थोड्या वेळानं माझा फोन फुल चार्ज करून माझ्या हातात आणून दिला कारण सगळ्यांचे फोन येतायत आणि बॅटरी संपत आलीय असं मी सकाळी कधीतरी म्हणाले होते. जवळ घेणं त्याला सुचलं नाही, पण मला काय लागेल याचा विचार तोच करत होता.

2017 साली सॅसन नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. ऑटिझम असलेल्या माणसांना काही सेकंद नुसतं बघून किंवा ऐकून लोकांनी त्यांच्याबद्दल वाईट मत बनवलं, पण तीच माणसं जे बोलली ते फक्त लिहून वाचायला दिलं तर हा फरक राहिलाच नाही. म्हणजे शब्दांत खोट नव्हती, लोकांना खटकला तो चेहरा, सूर, बोलण्याची ढब. डेमियन मिल्टन हे संशोधक, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी 2012 मध्येच मांडलं होतं की न कळणं हे दोन्ही बाजूंनी असतं, आपल्यालाही त्यांचं मन वाचता येत नाही. मला त्या दिवशी भावाचं कुठे वाचता आलं?

तुमच्या सहकाऱ्याच्या मनात काय होतं ते मी इथे बसून सांगू शकत नाही. पण एकदा त्याला आडून नाही, सरळ सांगून बघा, 'माझे वडील गेलेत, मला त्रास होतोय, हा आठवडा रिपोर्टचं विचारू नकोस.' एवढं स्पष्ट सांगूनही तो तसाच वागला तर मग तो उद्धटपणाच, आणि तिथे मी तुमच्या बाजूनं आहे.