टक्क्यांच्या हिशेबात न मावणारा दर्या

आमच्या पार्ल्याच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा डहाणूजवळ होऊ घातलेल्या वाढवण बंदराचा विषय निघाला. माझ्याच बरोबर वाढलेल्या एकाने लिहिलं, राज्याच्या उत्पन्नात मासेमारीचा वाटा नगण्य आहे, बंदर ७६,२२० कोटींचं आहे, चार होड्यांना भरपाई द्या आणि विषय संपवा. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मी दोन परिच्छेद लिहिले, त्यावर उत्तर आलं: "तू कॅनडात बसून आम्हाला शिकवू नकोस."

हे वाक्य मला लागतं, आणि ते नेमकं कुठे लागतं तेही सांगणार आहे. आधी त्या टक्क्याबद्दल.

वाटा किती, यावरून एखादी गोष्ट केवढी आहे ते कळतं. तिच्यावर काय काय टेकलेलं आहे, ते कळत नाही. रॉबर्ट पेन या जीवशास्त्रज्ञाने वॉशिंग्टन राज्यातल्या मक्का बेच्या खडकांवरून एका जातीचे तारामासे उचलून समुद्रात फेकून दिले आणि पुढे काय होतं ते पाहत राहिला. तारामासा नसल्यामुळे खडकांना चिकटणारे मसल जातीचे शिंपले माजले, त्यांनी जागा बळकावली, आणि तिथे राहणाऱ्या १५ जातींपैकी आठच उरल्या. १९६६ साली त्याने हे छापलं. त्या तारामाशाला बाजारात कोणी विचारत नव्हतं. उत्पन्नातला वाटा काढला असता तर शून्य आला असता.

अर्थशास्त्राला ही गोष्ट नवी नाही. वासिली लेओंतिएफ यांना १९७३ चं नोबेल मिळालं ते अशाच एका तक्त्यासाठी: पोलादाचं उत्पादन कोणकोणत्या उद्योगात जातं, त्या उद्योगांचं पुन्हा कुठे जातं, आणि एक खण बदलला की बाकीचे किती हलतात. त्याच वर्षी ब्रूस हॅनन यांनी तोच तक्ता निसर्गाला लावला, उद्योगांच्या जागी जीव आणि मालाच्या जागी ऊर्जा. पुढे १९८० च्या दशकात हवाईच्या प्रवाळी समुद्रासाठी जेफ्री पोलोविनांनी इकोपाथ नावाचं मॉडेल केलं, आणि डॅनियल पॉली, व्हिली क्रिस्टेन्सन, कार्ल वॉल्टर्स यांनी ते वाढवलं. प्रत्येक गटाचं वजन किती, तो वर्षाला किती वाढतो, कोणाला खातो, त्याला कोण खातं, जाळ्यात किती जातो, सगळ्याचा जमाखर्च जुळलाच पाहिजे. आता तर त्याला मूल्यसाखळीही जोडता येते. म्हणजे समुद्राचा तक्ता आणि बाजाराचा तक्ता एकमेकांना शिवलेले, आणि शिवण असते ती जाळ्यापाशी.

मी कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर, सेंट जॉन्समध्ये राहते. इथे संध्याकाळी रेडिओवर 'द ब्रॉडकास्ट' हा मासेमारीवरचा कार्यक्रम लागतो, कॅपलिन या छोट्या माशाच्या आकड्यावरून लोक हमरीतुमरीवर येतात, आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसं कॅपलिन भरायला बादल्या घेऊन मिडल कोव्हच्या किनाऱ्यावर भेटतात. समुद्राबद्दल इतकं तपशिलात भांडणारं गाव मी मुंबईत पाहिलं नाही, हे मी म्हणणारच. ते शहाणपण इथे महाग पडून आलं आहे. २ जुलै १९९२ ला इथली कॉड माशाची मासेमारी सरकारने बंद केली आणि सुमारे ३०,००० माणसांचं काम गेलं. जगातले उत्तम शास्त्रज्ञ हाताशी होते, पण ते कॉड एकटा मोजत होते, आणि साठा होता त्याहून जास्त धरत होते. कॉड कॅपलिनवर जगतो, कॅपलिनही त्याच काळात कोसळला. बंदी उठली ती २०२४ मध्ये. मधल्या काळात खेकडा आणि कोलंबीने पैसा आणला, काही गावं त्यावर सावरली, काही रिकामी झाली. भरपाई इथेही दिली होती. चांगली दिली होती. तिने घरं तगली, पण मासा उतरायचा थांबल्यावर त्याच्याभोवतीची कामं परत आली नाहीत.

आता वर्सोव्याचं बघा. डोल जाळं चालतं ते भरती-ओहोटीच्या ओढीवर. जाळं पाण्यात ठाण मांडून बसतं आणि पाणी मासळी आणून देतं. त्यात बोंबील येतो आणि बारीक कोलंबीसारखा जवळाही येतो, आणि बोंबलाचं मुख्य खाणं जवळाच. म्हणजे एकाच जाळ्यात खाणारा आणि त्याचा घास. तिथून पुढे बर्फ, डिझेल परतावा, खलाशाची उचल, ससून डॉकवर कोलंबी सोलणाऱ्या बायका, बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळवणाऱ्या, पाटी घेऊन दारोदार जाणाऱ्या. यातल्या कितीतरी जणींची मजुरी त्या 'वाट्या'त नीट येतही नाही. घोळ या मोठ्या मासळीचं आणखी वेगळं: तिच्या बोताला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीला, हाँगकाँगकडे सोन्यासारखा भाव मिळतो, म्हणजे तिथला बाजार डहाणूच्या नाखव्याला कुठे जायचं ते सांगतो. वाढवणला समुद्रात १,४४८ हेक्टर भराव पडणार आहे. भरावाने पाण्याची ओढ किती बदलेल, त्याने डोलीत काय येईल, त्यावर कोणाकोणाचा दिवस चालतो, हे एकाच तक्त्यात मांडून मगच टक्के सांगा.

वरळीला हेच राहिलं. कोस्टल रोडच्या खांबांमधलं अंतर ६० मीटर की जास्त, यावर कोळीवाडा लढला आणि १२० वर तडजोड झाली. होडी जाईल का, एवढाच प्रश्न चर्चेत टिकला. होडी ज्यासाठी जाते त्याचं काय होईल, हा प्रश्न मागे पडला. आणि विरोध करणाऱ्यांवरही माझा राग आहे, विशेषतः शहरातल्या. 'दर्या आमची माय' असं फलकावर लिहून ते थांबतात. होडी चालवणाऱ्या तांडेलाच्या डोक्यात कोणत्या उधाणाला कुठे काय लागतं याचा उभा हिशेब असतो, तो कागदावर उतरवायला त्यातलं कोणी जात नाही.

तर 'कॅनडात बसून'. माझ्याकडे आता परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड आहे, मत नाही. वाढवणने माझं काही बुडणार नाही. पार्ल्याला आमच्या दारी येणाऱ्या कोळीणमावशींच्या पाटीशी माझं घर बांधलेलं होतं, ती रेघ मी इथे आले तेव्हा तुटली, आणि कोणत्याही मॉडेलात मला आज मुंबईच्या समुद्राशी जोडता येणार नाही. इथे कॉडवर बोलले की लोक ऐकून घेतात, पण हा समुद्र माझ्या आठवणीत नाही. ज्याच्या आठवणी आहेत तिथे बोलले की गप्प करतात. मला दोन्हीकडे हक्क हवा आहे, आणि तो कोणत्या आधारावर मागायचा ते मला सापडलेलं नाही. म्हणूनच कदाचित मी एवढी चिडते.

पण तक्ता करायला मताधिकार लागत नाही. त्या माझ्या मित्राला मी लिहिलंय: डहाणू आणि वर्सोव्याला जा, कोणत्या महिन्यात डोलीत काय येतं, बर्फ कुठून येतो, ओला बोंबील किती आणि सुका किती जातो, सोलणारीला दिवसाला काय मिळतं, एवढं विचारून पाठव. गणित मी करते. आणि त्यातून बंदर फायद्याचं निघालं, तर तेही त्याच ग्रुपवर लिहीन.