इचलकरंजीचा ई

परवा रात्री लॅपटॉपनं मला न विचारता स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम बदलून घेतली आणि सकाळी वायफायला ओळख दाखवायचं बंद केलं. ‘पासवर्ड तपासा.’ तपासला. पुन्हा तेच.

वायफाय घरमालक अण्णांचं. शिवाजी पेठेतल्या त्यांच्या माडीवर राउटर देवघराला चिकटून आहे, त्यामुळं पारोशानं हात लावायचा नाही. मी पारोसाच होतो. म्हणून अण्णा वर राउटर पालथा धरून चिठ्ठी वाचणार आणि मी जिन्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन टाइप करणार, असं ठरलं. अक्षरं सव्वीस.

“घे. बी, भवानी मंडपाचा. शून्य. डी, दसरा चौकाचा. आठ.”

“आठ की बी?”

“आठ रं! बी असता तर भवानी मंडप म्हटलो नसतो व्हय?”

बिनतोड होतं.

“ए, अंबाबाईचा. ई, इचलकरंजीचा.”

मी आय दाबला. सव्वीस अक्षरं तीनदा घातली, तिन्हीदा लॅपटॉपनं झिडकारलं. मग डोक्यात उजेड पडला: असल्या सव्वीस अक्षरी पासवर्डमध्ये शून्य ते नऊ आणि ए ते एफ एवढंच असतं, आय येईल कुठून?

“अण्णा, इचलकरंजी आयनं सुरू होते.”

“कुणी सांगितलं? बत्तीस वर्षं यष्टी नेली मी तिकडं. पाटीवर इ च हाय.”

ई घातला. तरी नाहीच.

मग शोधाशोध. अण्णांच्या मुलानं कधीकाळी जुन्या प्रिंटरसाठी वेप नावाचं वायफायचं जुनं कुलूप लावून ठेवलंय. ही १९९७ ची पद्धत, २००१ मध्येच तिचं कुलूप फुटलं, २००४ पासून डब्ल्यूपीए-२ हे नवं कुलूप आहे. नव्या सिस्टीमनं वेपशी बोलणंच टाकलंय. टाकावंच. पण मग तसं सांग की! पासवर्ड बरोबर असताना ‘पासवर्ड तपासा’ म्हणून माणसाला दीड तास जिन्यात कशाला बसवायचं? शेजारच्या काकू दोनदा विचारून गेल्या, भाडं थकलंय का म्हणून.

कुलूप बदलायचं तर राउटरच्या आत शिरायला वेगळा पासवर्ड लागतो. तो पुण्यातल्या मुलाला ठाऊक. “दिवाळीला येतंय की पोरगं,” अण्णा म्हणाले.

आज एक तारीख. भाड्यावर वायफायचे दोनशे मागायला अण्णा खाली आले. माझं चालत नाही म्हटल्यावर त्यांनी खिशातून आपला जुना मोबाईल काढला आणि माझ्याच दारात उभं राहून कुस्तीचा व्हिडिओ लावला.

“आमचं चालतंय की.”