ट्रॅकआधी साईडपट्टी

पुण्यात सायकल ट्रॅकचा विषय निघाला की दोन बाजू ठरलेल्या असतात. एक म्हणते, परदेशात बघा, सायकलला वेगळी वाट असते. दुसरी म्हणते, तिथे माणसं किती आणि इथे किती, तुलना कशाला करता? महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, त्यालाही बरीच वर्षं झाली आणि वाद जागचा हललेला नाही. फ्रान्सच्या ग्रामीण भागातून पाहिलं की या वादातून एक गोष्ट निसटलेली दिसते. इथल्या खेड्यापाड्यांत सायकलला वेगळी वाट क्वचितच असते. ट्रॅक्टर, टपालाची गाडी आणि सायकल, सगळे एकाच अरुंद डांबरी रस्त्यावरून जातात. तरीही जगभरचे सायकलपटू चालवायला इथेच येतात.

नैर्ऋत्येकडचा जेर्स जिल्हा घ्या. क्षेत्रफळ सव्वासहा हजार चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या जेमतेम दोन लाख, म्हणजे चौरस किलोमीटरला साधारण ३० माणसं. पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार ती ६०० होती. त्यामुळे दुसऱ्या बाजूचं म्हणणं निम्मं खरं आहे हे आधीच मान्य करायला हवं. रस्ता शांत असण्याचं श्रेय शिस्तीइतकंच विरळ वस्तीलाही आहे.

हा प्रदेश सौम्य दिसतो, पण त्याची रचना कळल्याशिवाय तो नीट चालवता येत नाही. दक्षिणेला पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी लानमझाँचं पठार आहे आणि तिथून नद्या पंख्याच्या काड्यांसारख्या उत्तरेकडे पसरतात. पूर्वेकडून मोजलं तर साव्ह, जिमोन, आरात्स, जेर्स, बाईझ. उत्तर-दक्षिण रस्ते नदीकाठाने किंवा दोन नद्यांमधल्या डोंगरधारेवरून जातात. पूर्व-पश्चिम जाणाऱ्याला मात्र प्रत्येक खोऱ्यात उतरून पुन्हा वर यावं लागतं. त्यातही प्रत्येक खोऱ्याची पूर्वेकडची बाजू उभी आणि पश्चिमेकडची लांब, सावकाश चढणारी आहे. म्हणून मोव्हझाँहून फ्लरांस, सँ-प्वी करत काँदोंला, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे गेलं, तर उतार तीव्र आणि चढ सोपे मिळतात. उलट दिशेने तेच पन्नासेक किलोमीटर बरेच जड जातात. वारा बहुधा पश्चिमेचा असतो आणि दुपारी वाढतो. तेव्हा सकाळी वारा पडलेला असताना पश्चिमेकडे निघावं आणि दुपारी उभे चढ अंगावर घेत, पण वारा पाठीशी ठेवून परतावं.

पुण्याजवळच्या बोपदेव घाटात किंवा सिंहगडावर तयार झालेल्या सायकलपटूची इथे एक चूक हमखास होते. घाटात एकदा लय सापडली की ती माथ्यापर्यंत टिकते. इथे चढ ८० ते १०० मीटर उंचीचा, चार-पाच मिनिटांत संपणारा. समोर माथा दिसत असतो, म्हणून मोठ्या चेनरिंगवर, म्हणजे पॅडलजवळच्या मोठ्या दातेरी चक्रावर, उभं राहून तो मारला जातो. शंभर किलोमीटरमध्ये असं करत करत हजार मीटर चढाई होते आणि सातव्या-आठव्या चढावर मांड्यांत गोळे येतात. पहिले दोन चढ बोलता येईल इतक्याच जोरावर घ्यावेत. चढाच्या पायथ्याला पोचायच्या आधी, पायावर भार नसताना, छोट्या चेनरिंगवर यावं. भार असताना गिअर बदलला की चेन उतरते. पुढे ३४ आणि मागे ३२ दाते असले की उभी बाजूही बसून चढता येते.

टायर २८ पेक्षा ३२ मिलिमीटरचे बरे. सत्तर किलोच्या माणसाला ५५ ते ६० पीएसआय हवा पुरते. जुन्या सवयीने १०० भरली तर खरबरीत डांबरावर मनगटं दुखतात आणि वेगही वाढत नाही. दुकानं दुपारी साडेबारा-एकपासून दोन-तीन तास बंद असतात आणि सोमवारी अनेक गावांत पावही मिळत नाही, म्हणून खाणं बाराच्या आत खिशात हवं. पाण्यासाठी दफनभूमी शोधावी. जवळपास प्रत्येक गावात ती असते आणि फुलांना पाणी घालायला फाटकाजवळ नळ असतो. नळावर ‘नाँ पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पाणी पिण्याचं नाही, डोक्यावर ओतायला चालेल. फाटक ओढून घ्यावं आणि तिथे हळू बोलावं.

आता मूळ मुद्दा, रस्ता. उन्हाळ्यात इथे गाडीच्या चाकातून खडे उडत असल्याच्या चित्राचे त्रिकोणी फलक लागतात. जुन्या रस्त्यावर डांबराचं इमल्शन फवारतात, वर बारीक खडी पसरतात, रोलर फिरवतात आणि पुढचं दाबण्याचं काम रहदारीवर सोडतात. सुटी खडी झाडून नेईपर्यंतचे काही दिवस सायकलला धोक्याचे असतात. तिथे पुढचा ब्रेक दाबू नये, मोटारींच्या चाकांनी मोकळ्या केलेल्या पट्ट्यातून सरळ जावं, वळणाआधीच वेग कमी करावा आणि पुढच्या सायकलच्या मागे चिकटू नये. त्रास होतो, पण ही पद्धत संपूर्ण डांबरीकरणापेक्षा खूप स्वस्त आहे. वाहनांच्या वजनाइतकाच रस्ता भेगेतून आत शिरणाऱ्या पाण्याने मरतो. भेग बुजवली की तो वाचतो.

आणि कडेला बघा. दरवर्षी गवत वाढतं, मरतं, माती साचते आणि साईडपट्टी हळूहळू डांबरापेक्षा उंच होते. मग पाणी चरात जायच्या ऐवजी रस्त्याच्या कडेलाच थांबतं. इथे ठरावीक वर्षांनी ही माती खरवडून काढतात आणि चर उपसतात. आपल्याकडे हेच उलटंही घडतं. साईडपट्टी वाहून जाते आणि डांबराची कड चार-सहा इंच उघडी पडते. मागून टेम्पो आला की सायकलस्वाराला त्या कडेवरून खाली उतरावं लागतं आणि परत वर चढताना चाक कडेला घासून तो रस्त्याच्या मध्ये पडतो. सायकलला हवी असलेली जागा तिथेच, त्या दीड फुटात, जाते.

याचा परिणाम बीआरएम या सायकलप्रकारात दिसतो. ठरावीक वेळेत लांब अंतर कापायचा हा प्रकार मूळचा फ्रेंच. २०० किलोमीटरला साडेतेरा तास. इथे त्याचे मार्ग आडवाटेने जातात, कारण आडवाटही चांगली असते. आपल्याकडे पुष्कळसे मार्ग सातारा-कोल्हापूर महामार्गासारख्या रस्त्यांवर आखावे लागतात, ट्रक-बस शेजारून जात असताना, कारण डांबराची खात्री तिथेच असते. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ४३७ किलोमीटरची पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली, त्यासाठी मार्गावरचे रस्ते नव्याने केले गेले. रस्ते चांगले करता येतात हे त्यातून दिसलं. आता प्रश्न त्यांच्या पुढच्या पावसाळ्यांचा आहे.

विरळ वस्ती आयात करता येणार नाही. पण वाहनाने सायकलला ओलांडताना वस्तीबाहेर दीड मीटर आणि वस्तीत एक मीटर अंतर ठेवायचं, हा फ्रेंच नियम लायसन्सच्या परीक्षेत विचारता येतो. समोरचं स्वच्छ दिसत असेल तर सायकलला ओलांडताना मधली अखंड रेषा थोडी ओलांडायची मुभाही इथे २०१५ पासून आहे. तेवढी जागा मिळाली की चालक सायकलला घासून जात नाही. मुलांना शाळेत आणि बायांना बाजाराला जायला लागणारे ग्राम मार्ग जिल्हा परिषदेकडे आहेत. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांची पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या करारातच असते. सहाव्या वर्षी भेगा कोण बुजवणार, चर कोण उपसणार आणि साईडपट्टीवर मुरूम कोण टाकणार, हे मे महिन्याच्या आत ग्रामसभेत विचारायला हवं. जूनमध्ये विचारून उपयोग नाही; तोवर पाणी आत गेलेलं असतं.